फोटो उघडूनच नाही राह्यला

बुलढाणा जिल्ह्यातला माणूस ओळख सांगताना तालुक्याच्याही आधी एक गोष्ट सांगून टाकतो: घाटावरचा की घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे सरळ दोन भाग केलेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. खाली पूर्णेचं काळं सपाट रान, आणि त्याच्याही पलीकडे उत्तरेला सातपुडा. मोबाइलची रेंजसुद्धा हा भूगोल पाळते. राजूर घाट उतरताना बोलणं मधेच तुटतं, बोथ्याच्या जंगलातून खामगावकडे निघालं की पट्टीवरच्या काड्या एकेक करून गळतात, आणि सातपुड्याच्या पायथ्याला फोनच्या कोपऱ्यात संथ नेटवर्कची खूण असलेला इंग्रजी ‘ई’ उमटला की समजायचं, आता कुणाला फोटो मागू नये.

आमचा एक ग्रुप आहे. पाखरं, झाडं, किडे, दगड, जे दिसेल त्याचे फोटो टाकायचे आणि ‘हे काय आहे?’ असं विचारायचं, एवढाच त्याचा उद्योग. निम्मे लोक शहरात वायफायवर, निम्मे गावात डेटापॅकवर. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात मी लोणारला गेलो, सकाळभर सरोवराच्या काठाने हिंडलो आणि दुपारी घरी येऊन उत्साहात चाळीस फोटो ग्रुपवर टाकले. तेही साधे नाहीत, ‘डॉक्युमेंट’ म्हणून, म्हणजे दर्जा अजिबात कमी व्हायला नको. एकेक फोटो नऊ एमबीचा.

रात्री संग्रामपूर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. ग्रुपमधले सगळ्यात जाणते तेच.

“भाऊ, तुमचे फोटू दुपारपासून उघडूनच नाही राह्यले. लेक व्हॉट्सॲपवर फोन लावत होती, तोबी नाही लागला. एवढं पाठवलं तरी काय?”

“शेकाट्या, गुरुजी. लोणारच्या.”

“शेकाट्याच ना? त्या तं आमच्या तलावावरबी हायेत.”

गुरुजींचा फोन दुकानातल्या पोराने चालू करून दिला होता, आणि आपोआप डाउनलोड होण्याच्या यादीत त्याने फोटो, व्हिडिओ, डॉक्युमेंट अशा सगळ्याच खुणा करून ठेवल्या होत्या. आता हिशेब बघा. चाळीस गुणिले नऊ म्हणजे ३६० एमबी. इंटरनेटचा वेग मोजतात बिटमध्ये आणि फाइल मोजतात बाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून आठने गुणायचं. २,८८० मेगाबिट झाले. गुरुजींकडे बऱ्या दिवशी सेकंदाला २०० किलोबिटचा वेग मिळतो. भागाकार केला तर १४,४०० सेकंद, म्हणजे बरोबर चार तास. चार तास माझ्या शेकाट्या त्यांच्या फोनच्या दारात आडव्या उभ्या होत्या आणि मागे लेकीचा फोन ताटकळत होता. हेच चाळीस फोटो मी सरळ फोटो म्हणून पाठवले असते तर व्हॉट्सॲपने दाबून एकेक साधारण दोनशे केबीचा केला असता, आणि सगळं मिळून साडेपाच मिनिटांच्या आत आटोपलं असतं. नीट निवडून पाचच पाठवले असते तर चाळीस सेकंद.

फोटो पाठवणं फुकट आहे असं पाठवणाऱ्याला वाटतं, कारण खर्च समोरच्याच्या खात्यावर पडतो. पैशाचा खर्च त्यातला सगळ्यात लहान. खरा खर्च वेळेचा, फोनमधल्या जागेचा आणि त्या वेळात अडकून पडलेल्या दुसऱ्या कामाचा. लग्नाच्या पंगतीत आग्रह करकरून वाढावं आणि पान मात्र पाहुण्याने स्वतःच्या पैशाने विकत आणावं, तसला हा प्रकार.

ही शिस्त एकेकाळी सक्तीची होती. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा सगळं टेलिफोनच्या तारेवरून यायचं. पुढे वेग वाढून वाढून सेकंदाला ५६ किलोबिटवर पोचला आणि तिथेच अडला. शंभर केबीचा एक फोटो उतरायला पंधरा सेकंद, तेही लाइन स्वच्छ असली तर. घरातल्या कुणी फोन उचलला की सगळं पहिल्यापासून. त्या काळात न विचारता मोठा फोटो पाठवणं म्हणजे रात्री अकराला दार वाजवण्यासारखं मानत. जगभरच्या छंदी लोकांच्या युजनेट या चर्चाजाळ्यात तर चित्रांसाठी वेगळी दालनंच ठेवलेली असत आणि गप्पांच्या दालनात चित्र चिकटवणाऱ्याला बोलणी बसत.

मराठी माणसांनीही तिथे आपली रीत घडवली. १९९६पासून चालत आलेल्या मायबोलीवर परदेशातली आणि इथली मंडळी भटकंतीचे, फुलांचे, किल्ल्यांचे फोटो दाखवत आली आहेत. फोटोला तिथे ‘प्रकाशचित्र’ म्हणायची पद्धत पडली, आणि त्याचं झालं ‘प्रचि’. प्रत्येक फोटोच्या डोक्यावर आकडा: प्रचि १, प्रचि २, प्रचि ३. दिसायला ही केवढीशी गोष्ट. पण ज्याच्याकडे तिसरा फोटो अजून उतरलाच नाही त्यालाही ‘प्रचि ३मधलं फूल तेरड्याचं आहे’ या वाक्यावरून कळतं की बोलणं कशाबद्दल चाललंय. आमच्या ग्रुपवर मात्र अजूनही ‘वरून तिसरा, नाही, त्याच्या खालचा, तो निळा’ असं चालतं.

मग सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि संकोच गेला. एवढा गेला की डिसेंबर २०१७मध्ये गूगलने फोनमधली अडगळ साफ करणारं ‘फाइल्स गो’ हे ॲप काढलं, आणि भारतातले फोन कशाने तुंबतात याच्या शोधात जी मोठी गुन्हेगार मंडळी सापडली त्यांत सूर्योदय, गुलाब आणि चहाचा कप असलेली ‘सुप्रभात’ची चित्रं होती. डेटा स्वस्त झाला हे खरं. पण टॉवर घाटाखाली सरकला नाही. तो आहे तिथेच आहे, आणि संध्याकाळी आठनंतर सगळं गाव एकदम त्याला लटकतं.

फोटो लहान कसा होतो हे एकदा कळलं की काय जपायचं आणि काय सोडायचं ते आपोआप कळतं, म्हणून थोडं आत शिरू. उदाहरण खामगावचंच घेतो. १८७० साली जलंब ते खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा रेल्वेफाटा टाकला गेला तो कापसासाठी. शेतातला कापूस आहे तसा गाडीत भरायचा म्हटलं तर डबा भरतो आणि वजन काहीच होत नाही. म्हणून आधी जिनिंग: सरकी काढून टाकायची. मग प्रेसिंग: उरलेली रुई दाबून गाठ बांधायची. गाठ सोडली की रुई पुन्हा फुगते, तिचं काही हरवत नाही. सरकी मात्र गेली ती गेली.

फोनमधला फोटो बहुधा ज्या ‘जेपेग’ पद्धतीने साठवतात तीही अशीच दोन पायऱ्यांची आहे. १९९२चं हे मानक. त्याच्या मुळाशी जे गणित आहे ते सुचलं बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांना. ते अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. १९७२मध्ये त्यांनी या कल्पनेसाठी सरकारी विज्ञान संस्थेकडे निधी मागितला. कल्पना फारच सोपी आहे म्हणून तो मिळाला नाही. मग टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी ते काम तसंच पुढे नेलं आणि १९७४च्या जानेवारीत निबंध छापून आला. आज ‘सुप्रभात’चा गुलाबही त्या गणिताच्या खांद्यावर बसून येतो.

गणित असं. फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे, ठिपक्यांच्या रांगोळीचा कागद असतो तसे. एका चौकोनात चौसष्ट ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा लिहून ठेवण्याऐवजी, या चौकोनात कोणकोणत्या लहरी किती प्रमाणात मिसळल्या आहेत ते लिहायचं. पहिली लहर म्हणजे एकसारखा सपाट रंग. मग रुंद पट्टे, मग अरुंद पट्टे, आणि शेवटी साडीच्या बारीक चौकडीसारखी गिचमीड. माणसाच्या डोळ्याला सपाट आणि रुंद नीट दिसतं, गिचमिडीतला फरक फारसा जाणवत नाही. म्हणून गिचमीड गाळून टाकायची. हे झालं जिनिंग. उरलेले आकडे दाबून गाठ बांधायची, ते प्रेसिंग. डोळा उजेडापेक्षा रंगाच्या बाबतीत आळशी आहे, म्हणून फोन बहुधा रंगाची नोंदही निम्म्या बारकाईने ठेवतो. फरक एवढाच की सरकीचं निदान तेल तरी निघतं. इथे गाळलेलं फेकून दिलेलं असतं.

आता यातून व्यवहाराच्या गोष्टी निघतात. निरभ्र आकाशात उडणारी घार फार थोड्या आकड्यांत मावते, कारण आकाशाच्या चौकोनांना एकेक आकडा पुरतो. तीच घार बाभळीच्या काटवनात बसली की फाइल फुगते, कारण प्रत्येक काटा, प्रत्येक पान गिचमीड मागतं. म्हणजे डेटा घार खात नाही, बाभूळ खाते. आणि नेमकी उलटी अडचण वटवट्याची. हा बोटभर तपकिरी पक्षी ओळखायचा तर छातीवर पुसट रेघा आहेत की नाहीत ते आणि डोळ्यावरची भुवई पाहावी लागते. या रेघा म्हणजेच जेपेगच्या लेखी गिचमीड. फोटो फार दाबला की वटवट्या, तीरचिमणी, रानचिमणी सगळे एका चिखलाच्या गोळ्यात बसतात, आणि मग ग्रुपवर दोन दिवस वाद.

तेव्हा फोटो लहान हवा, पण जीव जाईस्तोवर दाबलेला नको. यावरचा उपाय इतका साधा आहे की तो न करणाऱ्याची मला चीड येते, मी स्वतः तो वर्षानुवर्षं केला नाही तरीही. फोटो पाठवण्याआधी कापायचा.

साध्या फोनचा फोटो असतो चार हजार ठिपके रुंद, तीन हजार उंच. लोणारच्या काठावरून पाण्याकडे रोखून काढला तर त्यात सरोवर असतं, पलीकडची झाडी असते, आभाळ असतं, आणि मधे कुठेतरी चारशे ठिपक्यांत मावणारा पक्षी. हा फोटो जसाच्या तसा पाठवला की व्हॉट्सॲप त्याची रुंदी साधारण सोळाशे ठिपक्यांवर आणतं. चार हजारांचे सोळाशे, म्हणजे चारशेचा पक्षी एकशेसाठचा झाला. गेलं पीस, गेली भुवई. त्याऐवजी तुम्ही आधीच पक्ष्याभोवतीची हजार बाय आठशेची चौकट कापली, तर व्हॉट्सॲपला रुंदी कमी करायचं कारणच उरत नाही. पक्षी चारशेचा चारशे राहतो आणि फाइलही लहान होते, कारण सगळी बाभूळ बाहेर गेली. समोरच्याचा डेटा वाचला आणि त्याला जास्त दिसलंही. सरोवर केवढं मोठं आहे ते दाखवायचंच असेल तर त्याचा एक वेगळा फोटो टाका. तो दाबला गेला तरी कुणाचं काही अडत नाही.

२०२३च्या ऑगस्टपासून व्हॉट्सॲपवर ‘एचडी’चं बटण आलंय. ते वाईट नाही, पण सवयीने दाबायचं नाही. कुणी ‘जरा मोठा पाठवा, पाय दिसत नाहीत’ म्हटलं तर दाबावं. तसंच स्क्रीनशॉटचं. आलेला फोटो नुसता पुढे ढकलला तर तो पुन्हा दाबला जात नाही. पण त्याचा स्क्रीनशॉट काढून, स्टेटसवर ठेवून, तिथून दुसऱ्याने पुन्हा स्क्रीनशॉट काढला की प्रत्येक खेपेला जिनिंग नव्याने होतं. तिसऱ्या-चौथ्या हाताला पोचेपर्यंत मोराच्या मानेवर चौकोनी फरशा दिसायला लागतात, वर कुणाच्या तरी बॅटरीचे १२ टक्के आणि दुधाच्या हिशेबाची सूचना.

रंगाचा प्रश्न वेगळा, आणि तो आम्हाला आमच्याच सरोवराने शिकवला. जून २०२०, टाळेबंदीचे दिवस. लोणारचं पाणी गुलाबी झालं. एरवी हिरवट दिसणारं, अतिशय खारट आणि अल्कधर्मी पाणी. बसाल्टच्या खडकात उल्केच्या आघाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. आणि त्याच्या तळाशी गुलाबी पाणी. फोटोंचा पूर आला. कुणाकडे ते सरोवर फिकट गुलाबी, कुणाकडे बीटरूटच्या कोशिंबिरीसारखं, कुणाकडे चक्क जांभळं. फोनच रंग वाढवतो, त्यावर माणूस फिल्टर लावतो, त्यावर दाबताना रंगाची बारकाई निम्मी होते. कोणता खरा? कुणी सांगावं! ना तारीख, ना वेळ, ना कुठल्या काठावरून ते.

त्याच दिवसांत नासाने लँडसॅट ८ उपग्रहाने टिपलेली दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली. एक २५ मेचं, दुसरं १० जूनचं. दोन्हींची चौकट एकच. पहिल्यात सरोवर हिरवं, दुसऱ्यात गुलाबी, भोवतीचा मुलूख दोन्हीकडे तसाच. दोन चित्रं आणि दोन तारखा. बाकी काही बोलायची गरज नव्हती. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि मीठ मानवणाऱ्या ‘हॅलोआर्किया’ या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं सांगितलं. हे जीव तळाशी बसले की पाणी पुन्हा नितळ दिसतं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात लोणारचा रामसर यादीतला समावेश जाहीर झाला. आमच्या ग्रुपवर त्या जूनमधले दोनशेच्या वर फोटो असतील. अभ्यासाला उपयोगी किती, म्हणाल तर दोन. ज्यांनी काढले त्यांनी खाली तारीख लिहिली होती आणि चौकटीत स्वतःचा पांढरा रुमाल दगडावर पसरून ठेवला होता. रुमाल पांढरा दिसतोय ना, मग पाण्याचा रंगही साधारण खरा. आकाराच्या बाबतीत हेच काम काडेपेटी करते. किड्याचा, दगडाचा, ठशाचा फोटो काढताना शेजारी काडेपेटी ठेवली की बघणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही. पऱ्हाटीच्या बोंडातली अळी दाखवायची असली तर पूर्ण झाड, पानाची खालची बाजू आणि उघडलेलं बोंड, असे तीनच फोटो पुरतात. तेरा नकोत.

आणि शब्द. फोटोसोबतची ओळ ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. मराठीची दोनशे अक्षरं जेमतेम एक-दीड केबीत मावतात, ‘ई’ असलेल्या फोनवरही लगेच पोचतात. तारीख, वेळ, तालुका, किती होते, काय करत होते, आवाज कसा होता. फोटो न उघडलेला माणूसही यावर बोलू शकतो. ज्याची नजर अधू आहे आणि जो फोनकडून मजकूर वाचून घेतो, त्यालाही चर्चेत जागा मिळते. आमच्या जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आलेल्या वाघाचंच बघा. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा हा तरुण नर, कागदोपत्री नाव ‘सी १’. २०१९च्या जूनमध्ये तो घर सोडून निघाला आणि तेलंगणातला आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला अशी वाट काढत डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. तेराशे किलोमीटरहून जास्त चाल. हे सगळं जगाला कळलं ते त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यामुळे. आणि पट्टा काय पाठवत होता? फोटो नाही. अक्षांश, रेखांश, वेळ, एवढंच, उपग्रहामार्फत, पुन्हा पुन्हा. असे हजारो ठिपके एकत्र केले तरी एका बऱ्या फोटोएवढी फाइल होणार नाही. एका गुलाबापेक्षा कमी जागेत वाघाचा अख्खा प्रवास मावतो.

वाघाचा विषय निघालाच आहे तर दुसरी बाजूही सांगतो, कारण ती शिष्टाचाराच्या पुढची आहे. फोनच्या फोटोत चित्रासोबत एक अदृश्य चिठ्ठी असते: कोणता फोन, किती वाजता, आणि लोकेशन चालू असेल तर नेमकी जागा, काही मीटरच्या फरकाने. फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप ही चिठ्ठी काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते. म्हणजे दर्जाच्या हौसेपायी तुम्ही शृंगी घुबडाच्या कपारीचा पत्ताच शंभर जणांना वाटता. घुबडांवर अंधश्रद्धेपायी काय प्रसंग येतो हे दिवाळीच्या सुमारास वनखात्यातल्या कुणालाही विचारा. निसर्गनिरीक्षणाच्या आयनॅचरलिस्टसारख्या जागतिक नोंदवहीतही संकटातल्या जातींची जागा मुद्दाम धूसर करून सुमारे वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दाखवतात. आमच्याकडे नियम त्याहून सोपा ठेवलाय. दुर्मीळ काही असेल तर तालुक्याच्या खाली जायचं नाही, आणि घरट्याचा फोटो टाकायचाच नाही, कितीही चांगला आला तरी. यावर दर उन्हाळ्यात एखादा रुसतो. रुसू द्यावा.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत, पण किरकोळीनेच माणूस वैतागतो. बरेच फोटो टाकायचे असले तर आधी एक ओळ टाकावी: ‘पाच फोटो येतायत, लोणार, आजचे.’ ज्याला नको असतील तो उघडणार नाही. एकाच पक्ष्याचे नऊ फोटो नऊ कोनांतून नकोत. तुम्हाला कोणता आवडला हे ठरवायचं काम तुमचं, ते आमच्यावर ढकलू नये. दुसऱ्याचा फोटो असेल तर त्याचं नाव लिहावं, आणि स्वतःचा असेल तर नावाची पाटी पक्ष्याच्या पोटावरून आडवी ठोकू नये. दुसऱ्याच जंगलातला वाघ ‘आपल्या घाटात’ म्हणून उतरवू नये, हे सांगावं लागतं याचीच लाज वाटते. आणि टाकलेला फोटो पाच मिनिटांनी सगळ्यांकडून डिलीट करू नये. कुणीतरी गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी उभं राहून, हात उंच धरून, तो गोल फिरणारा आकडा ९० टक्क्यांपर्यंत आणलेला असतो.

घेणाऱ्यानेही थोडं करावं. सेटिंगमध्ये जाऊन मोबाइल डेटावरचं आपोआप डाउनलोड बंद केलं की फोटोच्या जागी धूसर चौकट आणि तिच्यावर केबीचा आकडा दिसतो. उघडायचं की नाही हे मग आपल्या हातात. गुरुजींच्या फोनमधल्या त्या सगळ्या खुणा मी पुढच्या भेटीत स्वतः काढून टाकल्या. तेवढं प्रायश्चित्त लागत होतं.

परवाच्या जानेवारीतली गोष्ट. संक्रांतीच्या संध्याकाळी गुरुजींचा मजकूर आला, फोटो नाही. ‘संग्रामपूर ता. आज सकाळी ७.३०. हरभऱ्याच्या शेतावरून जमिनीलगत हेलकावे घेत उडत होता. घारीपेक्षा लहान, अंगाने सडपातळ. पांढुरका राखाडी. पंखाची टोकं काळी. फोटो काढला आहे, जाऊन नाही राह्यला.’ आम्ही सगळे तुटून पडलो. भोवत्याचा नर आहे हे तर उघड होतं, पण कोणता? चिखलीच्या एकाने विचारलं, “गुरुजी, पंखाच्या मधोमध काळी पट्टी होती का?” उत्तर आलं, “नाही. फक्त टोकाला, पाचरीसारखी.” पट्टी असती तर मोंटेग्यूचा भोवत्या. पट्टी नाही आणि पाचर आहे, म्हणजे पांढुरका भोवत्या. मध्य आशियाच्या गवताळ मुलखातून हिवाळ्यापुरता आलेला पाहुणा. रात्री नऊच्या आत ओळख पटली, आणि फोटो अजून गुरुजींच्या फोनवर एका राखाडी खुणेवर अडून बसला होता.

तो आला पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी, टॉवर मोकळा झाल्यावर. चौऱ्याऐंशी केबी. हिरव्यागार हरभऱ्यावर पंख तिरपे केलेला पांढुरका नर, पंखाच्या टोकाला काळी पाचर. फोटो नीट कापलेला, फक्त उजव्या कोपऱ्यात सायकलचं हँडल आलं होतं. चिखलीकराने लिहिलं, “गुरुजी, एक नंबर! हँडल तेवढं कापायचं राहिलं.”

गुरुजींचं उत्तर मात्र लगेच पोचलं. “राह्यलं नाही. मापासाठी ठेवलं. तुम्हीच तं सांगितलं होतं काडेपेटीचं.”